म्हात्र्यांचं म्हणणं

पिकांवरच्या किडीसाठी सल्लागार मंडळ नेमायचं ठरलं, तेव्हा अंधेरीच्या कचेरीत आधी खुर्च्या मोजल्या गेल्या आणि मग माणसं शोधली गेली. यात कुणाचा दोष नव्हता. कचेरीतलं लांब टेबलच नऊ माणसांचं होतं. शेंड्याला अध्यक्ष, म्हणजे शेतकी खात्याचे चंद्रप्रकाश माथूर साहेब. हे उत्तरेकडचे, मराठीचा गंध नाही. त्यांच्या उजव्या हाताला कीटकशास्त्रज्ञ, डाव्या हाताला महसूल खात्याचे अधिकारी. पुढे आरे कॉलनीतल्या गुरांच्या गवताचं बघणारे, सहकारी संघाचे, औषधांच्या व्यापाऱ्यांचे, असे उतरत्या मानाने सगळे. आणि अगदी शेवटी, दाराजवळ, जिथे येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागायचा त्या खुर्चीवर, 'प्रत्यक्ष शेती करणारा एक इसम'. हे शब्द वरून आलेल्या हुकमातलेच होते.

त्या खुर्चीच्या मागे स्टुलावर श्यामकांत गुप्ते बसे. हा मंडळाचा कारकून. १९५५ साल होतं, स्वराज्य येऊन आठ वर्षं झाली होती, पण कचेरीला अजून ते मराठीत कळलं नव्हतं. सभेची नोटीस इंग्रजीत, चर्चा इंग्रजीत, वृत्तांत इंग्रजीत. सभा झाली की वृत्तांताची एकेक प्रत श्यामकांतच्या सहीने टपालाने प्रत्येक सभासदाच्या घरी जाई. पुढच्या सभेत पहिला विषय तोच असे, मागचा वृत्तांत वाचून कायम करणे. एकदा का तो कायम झाला, की ब्रह्मदेवालाही त्यातलं अक्षर बदलता येत नसे.

शेती करणाऱ्या इसमाच्या जागी आधी पार्ल्याच्या एका जमीनदाराचं नाव आलं होतं. हे गृहस्थ भात फक्त ताटात ओळखत. माथूर साहेबांनी ते नाव खोडलं, हे मात्र त्यांना मानलं पाहिजे. मग खरा शेतकरी शोधायला श्यामकांत मरोळच्या पलीकडच्या एका वाडीत गेला. तिथे गुडघाभर चिखलात त्याला दत्ताराम म्हात्रे भेटले. पंचावन्नच्या पुढचे, बोलायला शांत, वाडीत त्यांच्या शब्दाला वजन.

"मना इंग्रजी येत नाय, भाऊसाहेब," म्हात्रे म्हणाले. "मी तिथं बसून काय करू? खुर्ची गरम?"

"तुम्ही मराठीत बोला. मी तुमच्या मागेच असेन. तुमचा शब्द न् शब्द साहेबांपर्यंत पोचवणं माझ्याकडे लागलं."

हे तो मनापासून बोलला होता. पुढे जे झालं त्यामुळे कुणी त्याला लबाड समजेल, म्हणून सांगायचं. लबाड नव्हताच तो. तो भित्रा होता, आणि ते कधीकधी जास्त महागात पडतं. म्हात्र्यांनी नेमणुकीचं पत्र काचेत बसवून देवांशेजारी टांगलं, आणि पत्रातलं त्यांचं नाव कुठलं ते श्यामकांतने बोट ठेवून दाखवलं.

जुलैतल्या सभेत भातावरच्या सुरळीतल्या अळीचा विषय होता. ही अळी पान कापते, त्याची सुरळी करून आत बसते आणि खाचरातल्या पाण्यावर तरंगत भाताच्या एका झुबक्यातून, म्हणजे चुडातून, दुसऱ्या चुडात जाते. तिच्यावर मारायची पावडर आधीच येऊन पडली होती, गोदामात पोत्यांची थप्पी लागली होती. सभेने फक्त 'हो' म्हणायचं बाकी होतं. एक वाजून गेला होता आणि शेजारच्या खोलीतून पुऱ्यांचा वास येत होता. अशा वेळी म्हात्रे उठून उभे राहिले.

"पावडरीला माझी ना नाय," ते म्हणाले. "पण आता खाचरांत पाणी उभं हाय. वरून मारलेली पावडर पानावर थोडी राहील नि पाण्यात जास्त जाईल. ते पाणी उतरतं आमच्या तळ्यात. तळ्यात मासळी हाय, शेजारच्या मालनची बदकं हायत, गुरं तेच पाणी पितात. आमची रीत अशी, की दोघांनी दोरीची दोन टोकं धरायची नि दोरी भातावरून ओढत न्यायची. अळ्या पाण्यात पडतात. मग बांध फोडून पाणी काढायचं, तोंडाला करंडी लावायची, अळ्या करंडीत. आठ दिवस आमाला हे करू द्या. नायच जमलं, तर पाणी काढून मग मारा तुमची पावडर."

श्यामकांतने अर्धंमुर्धं इंग्रजीत सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात माथूर साहेबांनी हात वर केला. शास्त्रज्ञांनी पावडर पारखून घेतली आहे, काळजीचं कारण नाही, असं यांना सांगा, म्हणाले. श्यामकांतने सांगितलं. म्हात्र्यांनी टेबलाच्या त्या टोकाकडे पाहिलं, थोडं थांबले आणि म्हणाले, "साहेब म्हणतात तर असंल."

आता मराठी माणसाला या वाक्याचा अर्थ सांगायला नको. मुलीकडचे आपल्या घराण्याची थोरवी सांगू लागले की वरपिता सुपारी कातरता कातरता म्हणतो ते हेच. तुम्ही मोठे आहात, तुमचा मान राखतो, पण मला पटलेलं नाही. श्यामकांतला ते चांगलं कळलं होतं.

"डज ही ॲग्री ऑर नॉट?" साहेबांनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत विचारलं.

दोरी, बांध, करंडी, तळं, बदकं, सगळं श्यामकांतच्या डोक्यात इंग्रजीत तयार होतं. पण सगळे आपल्याकडेच बघताहेत असं त्याला वाटलं. कुणाची तरी खुर्ची करकरली. हेडक्लार्कच्या जागेसाठी त्याचं नाव साहेबांच्या टेबलावर होतं, तेही नेमकं तेव्हाच आठवलं.

"ही ॲग्रीज, सर."

खुर्च्या सरकल्या, मंडळी पुऱ्यांकडे निघाली. म्हात्र्यांनी मागे वळून हळूच विचारलं, "सांगितलंत?"

"सांगितलं," श्यामकांत म्हणाला.

ऑगस्टमध्ये खात्याची माणसं वाडीत पावडर मारून गेली. आठवड्याने एका ओळीचा अहवाल श्यामकांतच्या टेबलावर आला, 'तळ्यातील मासे व काही बदके दगावल्याची तक्रार'. त्याने तो कागद फाइलीत लावला, फाइल कपाटात ठेवली आणि कपाटाला पाठ करून बसला. गणपतीत त्याची बायको कुंदा म्हणाली, "अहो, तुमच्या त्या म्हात्र्यांना एकदा प्रसादाला बोलवू या ना." तर तो उगाचच तिच्यावर खेकसला. खेकसला आणि मग दिवसभर तोंड लपवत फिरला.

सप्टेंबर सरता सरता म्हात्रे स्वतःच कचेरीत आले. काखेत पावसाळी काकडीचं हे एवढं मोठं तवसं होतं. ते त्यांनी टेबलावर ठेवलं. बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"वाडी म्हणते, दत्तारामने सरकारच्या पुऱ्या खाल्ल्या नि तळं विकलं," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता. "पाच दिवस गणपती होता. आरतीला मी, माझी बायको नि टाळ. एक माणूस नाय आलं. मालन दारावरून जाते ती तोंड फिरवून. चौदा बदकं होती बिचारीची, अंड्यांवर घर चालायचं."

श्यामकांत तवशाकडे बघत राहिला.

"त्या दिवशीचं लिहिलेलं काढा, भाऊसाहेब. मी काय बोललो ते मना वाचून दाखवा."

कपाटाची किल्ली साहेबांकडे आहे, असं सांगता आलं असतं. पण किल्ली समोरच खिळ्याला लटकत होती. श्यामकांतने वृत्तांताची वही काढली, पान उघडलं. पानावर इंग्रजीत दोनच ओळी होत्या. शेतकऱ्यांचे प्रतिनिधी श्री. डी. म्हात्रे यांनीही संमती दिली. ठराव एकमताने मंजूर. म्हात्र्यांनी ओळखीच्या अक्षरांवर बोट ठेवलं. "हे माझं नाव. पुढचं वाचा."

आणि श्यामकांत वाचू लागला. जे पानावर नव्हतं ते वाचू लागला. खाचरांत पाणी उभं आहे, पावडर पाण्यात जाईल, पाणी तळ्यात उतरेल. मालनची बदकं, गुरं. दोरीची दोन टोकं. बांध, करंडी, आठ दिवस. त्याने एक शब्द गाळला नाही, क्रमसुद्धा चुकवला नाही. एकीकडे त्याला वाटत होतं, म्हातारा सुखावेल, निदान आपलं म्हणणं सरकारदरबारी नोंदलंय एवढं समाधान घेऊन घरी जाईल. आणि दुसरीकडे कानशिलं तापत होती. वाचून झालं तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता.

म्हात्रे डोळे मिटून ऐकत होते. त्यांनी डोळे उघडले, कोपरीच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि वहीशेजारी ठेवला. टपालाने घरी गेलेली वृत्तांताची प्रत होती ती. खाली श्यामकांतची सही.

"मरोळच्या चर्चमधल्या फादरांनी वाचून दाखवलं," म्हात्रे म्हणाले. "दोन ओळी हायत, बोलले."

श्यामकांतने वही मिटली.

"वाडीत मी हा कागद दाखवून तुमच्यावर बोल लावला नाय. फादरला पण बोललो, भाऊसाहेब शहरातले, माझी बोली त्यांना उमगली नसंल. दोरी, बांध, करंडी, त्यांनी कुठं बघितलंय? उमगलंच नाय तर सांगणार काय ते? अशी मी इतके दिवस तुमची बाजू घेतली." त्यांनी कागदाची पुन्हा घडी घातली. "पण तुमाला तर सगळं पाठ हाय."

धरणीने पोटात घ्यावं असं वाटणं म्हणजे काय, ते श्यामकांतला त्या दिवशी कळलं. म्हात्रे शिव्या देते तर बरं झालं असतं. शिव्यांना उत्तर असतं, निदान मान खाली घालून त्या खाता येतात. "चुकलो, म्हात्रे," तो कसाबसा म्हणाला.

"पुढच्या सभेत पयला विषय हाच ना? मागचं कायम करायचं? फादर बोलले. मी येतो." दाराशी जाऊन ते थांबले. "तिथं पण साहेबांना सांगणार तुमीच. दुसरं कोण हाय मना?"

तवसं टेबलावरच राहिलं. ते टाकवेना म्हणून श्यामकांतने घरी नेलं. कुंदाने ते किसून, रवा नि गूळ घालून छान धोंडस भाजलं. श्यामकांतने एक तुकडा खाल्ला आणि ताट बाजूला सारलं. "गोड कमी झालं का?" तिने विचारलं. त्याने मान हलवली आणि मग तिला सगळं सांगून टाकलं. कुंदाने हातातली वाटी खाली ठेवली. मग म्हणाली, "आणि मी त्यांना प्रसादाला बोलवा म्हटलं, तर माझ्यावर ओरडलात."

ऑक्टोबरच्या सभेला म्हात्रे धुतलेलं धोतर नेसून आले आणि दाराजवळच्या खुर्चीवर बसले. श्यामकांतकडे त्यांनी वळून पाहिलं नाही. माथूर साहेबांनी मागचा वृत्तांत भराभरा वाचला आणि सवयीने विचारलं, कुणाला काही दुरुस्ती सुचवायची आहे का. त्यांच्या लेखणीचं टोक सहीच्या जागेवर टेकलंही होतं. अशा प्रश्नाला कधी कुणी उत्तर देत नाही.

म्हात्रे उठले. श्यामकांतला वाटलं, पुन्हा दोरी येणार, करंडी येणार. त्याने रात्रंदिवस ते सगळं इंग्रजीत घोकलं होतं. पण म्हात्रे एवढंच म्हणाले, "मी हो बोललो नव्हतो." आणि खाली बसले.

"व्हॉट डज ही से?" साहेबांनी विचारलं.

श्यामकांत स्टुलावरून उठला. टेबलाच्या दोन्ही बाजूंनी माना वळल्या, आणि त्याला जुलैतली ती खुर्चीची करकर पुन्हा ऐकू आल्यासारखी वाटली.

"ही सेज आय लाइड, सर," तो म्हणाला. "ॲण्ड आय डिड."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. कुजबुज सुरू झाली तशी म्हात्र्यांना शंका आली. त्यांनी मागे वळून, पहिल्या वेळी विचारलं होतं तसंच हळू विचारलं, "काय सांगितलंत?"

"मी खोटं सांगितलं होतं, असं तुम्ही म्हणताय, हे सांगितलं." हे श्यामकांत सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला.

म्हात्र्यांच्या कपाळाला आठी पडली. "तसं मी बोललो नाय," ते म्हणाले. "मी न बोललेलं माझ्या नावावर लिहू नका. तेवढं खोडा."

"राइट इट डाउन, गुप्ते," साहेब तिकडून म्हणाले.

श्यामकांतने वही गुडघ्यावर घेतली. म्हात्रे काय बोलले ते त्याने त्यांच्या नावापुढे लिहिलं, चार शब्द, जसेच्या तसे, त्या वहीतले पहिले मराठी शब्द. मग खाली नवी ओळ घेतली, तिथे स्वतःचं नाव घातलं आणि आपण काय केलं होतं ते त्याच्यापुढे लिहू लागला.