तो घाम माझ्या दिव्याचा नव्हता

मित्रांनो, भिंतीवर चित्रे पाडणारा माझ्यासारखा म्हातारा स्लाइड प्रोजेक्टर तुम्ही बहुधा पाहिलेला नाही. पोटात तापट दिवा, पाठीशी घरघरणारा पंखा आणि पुढे एक डोळा, एवढाच माझा संसार. १९८१ साली मी मुलुंडला आलो. फॅमिली डॉक्टरांची एक देशभर पसरलेली संघटना होती, तिच्या तिथल्या शाखेने मला घेतले.

तुम्हाला वाटेल, डॉक्टरांना संघटना कशाला? अहो, फॅमिली डॉक्टर म्हणजे एकांडा शिलेदार. एवढ्याशा गाळ्यात दिवसभर खोकला, ताप, जुलाब. नवे औषध आले, जुने चुकीचे ठरले, हे त्याला सांगणार कोण? मोठ्या इस्पितळातले डॉक्टर एकमेकांना विचारतात. याने विचारावे तर कंपाउंडरला! म्हणून संघटना दिल्लीहून स्लाइडांचे खोके धाडायची. महिन्यातून एका रविवारी सकाळी शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात काळे पडदे लावून आमचा वर्ग भरायचा. पिकल्या केसांचे डॉक्टर बाकावर बसून वही उघडत.

शाखेचे सचिव होते डॉक्टर गुणाजी तावडे. गिरणी कामगाराचा मुलगा, कांजूरमार्गला दवाखाना. माझा मुक्काम तिथेच, औषधांच्या कपाटावर. ते मऊ फडक्याने माझी काच पुसत. "एक डॉक्टर शिकला की हजार माणसं वाचतात," हे त्यांचे पालुपद. ते ऐकून मला फार अभिमान वाटे.

या मंडळींत एक रीत होती. डॉक्टरने डॉक्टरकडून फी घ्यायची नाही. रीत मायेचीच, पण तिनेच घात केला. फुकट तपासून घ्यायला कसे जायचे, या संकोचाने कोणी कोणाकडे जातच नसे. दुखले-खुपले तर स्वतःच्याच बरणीतली गोळी.

१९८६च्या डिसेंबरात हृदयविकाराच्या स्लाइड आल्या. माझ्याशेजारी उभे राहून तावडे एकेक सरकवत सांगत होते, "घाम, छातीवर दडपण, खांद्यात कळ. गॅस म्हणून सोडू नका." आणि त्यांच्याच कपाळावरून घाम ओघळत होता. पडदे उघडले तशा भांडुपच्या डॉक्टर अनुपमा पुढे आल्या. दोघे एका वर्गात शिकलेले.

"गुणाजी, थंडीत एवढा घाम? माझ्याकडे चल, कार्डिओग्राम काढते."

"अगं, या भट्टीशेजारी तासभर उभी राहा, तुलाही येईल."

"मस्करी नको रे."

"तू फी घेणार नाहीस, मग मलाच यायला कसंतरी होतं ना! बघू उद्या."

सगळे खापर माझ्यावर! मला परत कपाटावर ठेवताना त्यांचा तळवा माझ्या अंगाला लागला. तो गार पडला होता. मला कळत होते, पण मला तोंड कुठे?

सोमवारी सकाळी दवाखाना उघडला. पहिलीच पेशंट पुतळाबाई, मासळी विकणारी. तावडे कंपाउंडरला म्हणाले, "भीमराज, सोडा दे रे. गॅस झालाय."

पुतळाबाई त्यांच्याकडे बघतच राहिली. "डाक्टर, आदी तुमी निजा. माजा खोकला कुठं पलतोय?"

ते हसले, तिच्या पाठीला नळी लावली, "श्वास घे" म्हणाले आणि टेबलावर कलंडले. भीमराज धावला, शेजारचे धावले. डॉक्टर अनुपमा रिक्षातून पोचल्या, तेव्हा सारे संपले होते. कपाटावरून मी हे पाहिले. आजही ते माझ्यापुढून हलत नाही.

शोकसभा त्याच चित्रकलेच्या वर्गात झाली. डॉक्टर अनुपमा उठल्या. "आपण इथे सत्तावीस डॉक्टर आहोत. आपला डॉक्टर कोण, हे ज्याला सांगता येईल त्याने हात वर करावा."

एकही हात वर झाला नाही.

त्यांनी संघटनेकडे पत्रांमागून पत्रे धाडली. दोन वर्षांनी सभासदांच्या अर्जात एक नवा रकाना आला: 'तुमचा डॉक्टर कोण?' तो कोरा असला तर अर्ज परत येई. किती साधी ओळ! ती आधी कोणाला सुचली असती तर?

पुढे व्हिडिओ आला. माझा दिवा गेला, तो कोणी बदलला नाही. मी अडगळीत पडलो, त्याचे मला फारसे दुःख नाही. दुःख त्या माणसाचे आहे.

म्हणून मित्रांनो, एक विनवणी. ताप आला आणि डॉक्टरकाकांकडे गेलात, तर जीभ दाखवून झाल्यावर त्यांना विचारा, "काका, तुम्हाला कोण तपासतं?" ते हसतील, विषय बदलतील. तुम्ही उत्तर मिळेपर्यंत उठू नका.