पुढच्या रांगेतल्या माद्या

सशांच्या बाबतीत मला कोणी शिकवलेलं आवडत नाही. शेडमध्ये पाऊल टाकल्याबरोबर नुसत्या वासावरून मी सांगते, कुठल्या पिंजऱ्यात पाणी सांडलंय. ही बढाई वाटत असेल तर वाटू दे.

शेड मात्र सासऱ्यांची. घरामागे, लांबट, पत्र्याची, आत पिंजऱ्यांच्या दोन रांगा. धाकट्या दिराचा तिच्यावर केव्हापासून डोळा होता. त्याचा फरशांचा धंदा, त्याला गोदाम हवं होतं. रोजच्या कटकटीला कंटाळून सासऱ्यांनी शेवटी निकाल दिला: सूनबाईला विणीच्या दोन खेपा. तेवढ्यात तिनं शेड पिल्लांनी भरून दाखवावी, नाहीतर धाकट्यानं फरशा आणून टाकाव्यात.

मी हार्मोनच्या इंजेक्शनांचा रस्ता धरला. एरवी एक मादी आज विते, दुसरी पंधरवड्यानं, तिसरी नराकडे पाठ फिरवून फुरंगटून बसते. पहिलं इंजेक्शन दिलं की सगळ्या एकदम माजावर येतात. मग कृत्रिम रेतन करायचं आणि त्याच वेळी दुसरं इंजेक्शन द्यायचं, कारण सशाच्या मादीत नर आल्याशिवाय बीज सुटतच नाही. नराचं ते काम सुई करते. सगळ्या एकाच वेळी व्यायल्या की जिला पिल्लं जास्त झाली तिची चार दुसरीकडे सरकवता येतात आणि दूध सगळ्यांना पुरतं. दिरानं नाक मुरडलं. वहिनी आता सशांचा दवाखाना काढणार, म्हणाला. मी म्हटलं, भावजी, तुमच्या फरशा वितात का ते आधी बघा.

पहिल्या खेपेला मागची रांग झाडून सगळी गाभण राहिली. पुढच्या रांगेत एकही नाही. औषध तेच, हात माझाच. वर कहर म्हणजे पुढच्या माद्या अंगावरचे केस उपटून घरटी करायला लागल्या. पोटात काही नाही आणि तयारी बाळंतपणाची. दीर येऊन ते बघून गेला आणि जाताना हसला. त्या हसण्यानं माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

आमच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. जनावरांच्या डॉक्टर, कमी बोलणाऱ्या. त्यांनी एवढंच विचारलं, या माद्यांच्या पाठीवरून रोज कोणी हात फिरवतं का, मानेपासून शेपटीपर्यंत, नेटानं? तसं केलं तर मादीला नर आल्याचा भास होऊ शकतो. बीज सुटतं, ती खोटी गाभण राहते आणि मग आपल्या इंजेक्शनांना दाद देत नाही.

फोन ठेवायच्या आधीच मला कळलं होतं. सासूबाई गेल्यापासून सासरे रोज संध्याकाळी शेडमधल्या बाकावर जाऊन बसायचे. बाक पुढच्या रांगेला लागून. एकेकीला मांडीवर घ्यायचे आणि पाठीवरून हात फिरवत राहायचे.

आता हे त्यांना सांगणार कोण? नवऱ्यानं लगेच अंग काढून घेतलं. तूच ना घरातली स्पष्टवक्ती, म्हणाला. सुनेनं सासऱ्यांना काय सांगावं, की तुमचा हात त्यांना नरासारखा वाटतो? मी तेच सांगितलं. चहा पुढे ठेवला आणि डॉक्टरीणबाई बोलल्या तसंच्या तसं सांगून टाकलं. नजर तेवढी कपावर ठेवली.

सासरे आधी गोरेमोरे झाले. मग कप बाजूला सारला.

"म्हणजे तुझी खेप मी बुडवली," ते म्हणाले.

"हो, बाबा."

"घरात सगळे आपापल्या कामात असतात. त्या आपल्या बसून राहायच्या माझ्याजवळ."

मला फार वाईट वाटलं. पण शब्द मी मागे घेतला नाही. नरांना कुरवाळा, त्यांना काही होत नाही, असं सुचवून पाहिलं, तर ते चावतात म्हणाले. ही खेप मोजू नकोस, तुला आणखी एक देतो, असंही ते म्हणाले. मी नको म्हटलं. दोन ठरल्या होत्या, मला दोनच पुरणार होत्या. त्यानंतर ते शेडकडे फिरकले नाहीत, आणि संध्याकाळी त्या रिकाम्या बाकाकडे बघून मला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

डॉक्टरीणबाईंनी खोटं गाभणपण मोडणारं इंजेक्शन दिलं. माद्या ताळ्यावर आल्यावर मी दुसरी खेप धरली. पुन्हा तीच दोन इंजेक्शनं, तोच क्रम. या वेळी शेडला कुलूप लावून किल्ली माझ्याकडेच ठेवली.

गाभण राहिल्या का ते बघायला पोटं चाचपायच्या दिवशी दीर न बोलावता हजर झाला. सासरेही आले, पण हात मागे बांधून दारातच उभे राहिले. मी पुढच्या रांगेतली पहिली मादी टेबलावर घेतली आणि पोटाखाली बोटं घातली. कळायचं ते कळलं. दीर माझ्या तोंडाकडे बघत होता, मी त्याला ताकास तूर लागू दिली नाही.

"बाबा, इकडे या."

"नको. माझ्या हातांना बंदी आहे."

"पाठीवर बंदी आहे. पोटाखाली आणा."

ते आले. मी त्यांची बोटं धरून नेमक्या जागी नेली. हळू दाबा, म्हटलं. मण्यांसारखं काही लागतंय का बघा. त्यांनी डोळे मिटले. एक लागला, मग शेजारचा, मग त्यांची बोटं न सांगता पुढे सरकली.

दिरानं विचारलं, काय आहे. त्यांनी डोळे उघडले नाहीत.

"धाकट्या, फरशांना दुसरी जागा बघ," ते म्हणाले. मग मला म्हणाले, "पुढची आण."

माझ्या सशांचं पोट मी दुसऱ्या कोणाला चाचपू देत नाही. त्या दिवशी ती अख्खी रांग सासऱ्यांनी तपासली. मी फक्त माद्या धरत होते.