बाहीवरची कावीळ

सोमवारी सकाळी यवतमाळला नेला तेव्हा माझा नवरा सावळा होता. दुपारी घाटंजीच्या स्टँडवर उतरवला तेव्हा पिवळा.

बसमध्ये मी आधी उन्हाला दोष दिला, मग खिडकीच्या काचेला. खाली उतरल्यावर काच मागे राहिली, आम्ही शेडच्या सावलीत आलो, आणि नवरा पिवळाच राहिला. ओठांच्या कडा पिवळ्या, नखांची मुळं पिवळी. स्टँडवरच्या मुतारीतून बाहेर आला तो माझ्याकडे न बघताच तांड्याच्या रिक्षात जाऊन बसला.

"आत काही बोलले का डाक्टर या रंगाचं?" मी विचारलं.

"नाई," देवीलाल म्हणाला.

देवीलाल म्हणजे माझा नवरा. घाटंजीच्या जिनिंगमध्ये सव्वीस वर्षं ग्रेडर आहे. गाडीतल्या कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, मूठभर काढायचा, दोन बोटांत धागा ओढून डोळ्यासमोर धरायचा आणि गाडी पास की नापास ते सांगायचं. पिवळी झाक असली की तो मान हलवतो आणि म्हणतो, "कवडी." डागाळलेल्या, रोगट कापसाला आमच्याकडे कवडी म्हणतात. त्याने एकदा म्हटलं की मालक दुसऱ्यांदा विचारत नाही.

दिवाळीपासून तो धागा उजव्याच डोळ्यासमोर धरायला लागला. जिनिंगमध्ये कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्या आलं, कारण घरी तो चहाचा कप टेबलावर ठेवायचा आणि कप डाव्या बाजूने खाली पडायचा. आठ वर्षांची शुगर होती. तिने आता डोळ्यात घर केलं होतं.

यवतमाळच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, डाव्या डोळ्यामागच्या पडद्याचा फोटो काढू. एका कागदावर माझी सही घेतली. कागद वाचायला मागितला तर काउंटरवरची पोरगी म्हणाली, "मावशी, मागे लाइन आहे." औषधाच्या पुड्याही पाठपोट वाचणारी मी, तेवढा एक कागद न वाचता परत दिला. त्याला आत नेलं. हाताच्या मागच्या बाजूला सुई टोचली, फोटो काढले. मग डॉक्टरांनी दोघांनाही समोर बसवलं. पडद्यावरच्या बारीक नळ्या पाझरताहेत, डाग मधोमध पोचायला आलाय, शुक्रवारी लेझर करू. "शुक्रवार चुकवू नका," ते म्हणाले. "मधली नजर गेली की परत येत नाही."

एवढं सगळं मला नीट कळलं होतं. पुढचं कळेना.

घरी माझी नणंद जमनाबाई ओसरीत बसली होती. भावाचे डोळे तपासायला नेलेत म्हणून शेजारच्या तांड्यावरून मुद्दाम आली होती. त्याला पाहिलं आणि हातातली सुपारी खाली पडली.

"देवल्या! अरे, कावीळ झाली तुले!"

"सकाळी नव्हती बाई," मी म्हटलं.

"सकाळी कोनाले असते? अमरसिंगले तरी कुठं होती सकाळी?"

अमरसिंग त्यांचा चुलतभाऊ. दोन वर्षांपूर्वी काविळीने गेला. ते नाव निघालं आणि मी त्याच्या हातावरची सुईची पट्टी बघायला लागले. सुईने कावीळ येते असं मी कुठेतरी वाचलंही होतं. पण तीन तासांत येते असं कुठे वाचलं नव्हतं. येत नाही असंही वाचलं नव्हतं.

"तुमी काई बोलसान का नाई?" मी नवऱ्याला विचारलं.

"मी काय बोलू? रंग दिसूनच राह्यला," तो म्हणाला आणि पाणी प्यायला.

चार वाजता आम्ही रामधनच्या अंगणात होतो. रामधन तांड्यावरचा म्हातारा. चाळीस वर्षांपासून कावीळ उतरवतो, नारळाशिवाय काही घेत नाही. त्याने परातीत चुन्याची निवळी ओतली, परात उन्हात ठेवली, देवीलालच्या हातावरची डॉक्टरांची पट्टी काढून फेकली आणि कोपरापासून बोटांपर्यंत हात चोळायला लागला. चुन्याच्या पाण्यात पिवळं उतरतं हे मी लहानपणापासून पाहिलेलं आहे.

या वेळी उतरलं ते हिरवं.

हिरवं म्हणजे पानासारखं नाही. पोपटाच्या पाठीवर ऊन पडावं तसं. सुईच्या जागेवरून एक दोरा सुटल्यासारखा निघाला, परातीत पसरला आणि आतून दिवा लावल्यासारखी परात पेटली. जमनाबाई दोन पावलं मागे सरकली. रामधनचा हात थांबला.

"अशी कावीळ मी पाह्यली नाई बाप्पा," तो हळूच म्हणाला.

मग त्याने आत जाऊन दोन लिंबं आणली आणि परातीत पिळली. हे त्याच्या रीतीतलं नव्हतं. नजर काढायला म्हणून पिळली असावीत. म्हातारा घाबरला होता. पहिल्या लिंबाने काहीच झालं नाही. दुसरं पिळलं आणि परात विझली. हिरवं गेलं, मागे उरलं नुसतं फिकट, धुवट पाणी.

आम्ही चौघेही पाण्याकडे बघत राहिलो. चौघांत जास्त गोंधळलेला रामधनच होता. पण अंगण त्याचं होतं, त्यामुळे बोलणं त्यालाच भाग होतं.

"उतरली," तो म्हणाला. "एकवीस दिस दवाखान्याची पायरी चढू नको. सुई तर अजिबात नाई. सकाळ-संध्याकाळ उसाचा रस."

"याले शुगर आहे दादा," मी म्हटलं.

"काविळीत शुगर नाई मोजत," जमनाबाईने परस्पर निकाल दिला.

"आणि शुक्रवारचं लेझर?"

"तू डोळ्याचं पाहशील का जिवाचं?"

देवीलाल खाली मान घालून हात पुसत होता. आपल्या जिवाची एवढी चर्चा चालू असताना माणूस इतका निवांत कसा, असं मला वाटलं. वाटलं आणि राहून गेलं.

मंगळवारी सकाळी तो पुन्हा सावळा झाला. रामधनचं नाव तीन तांडे फिरून आलं. जमनाबाई स्टँडजवळच्या रसवंतीवरून स्टीलच्या किटलीत रस आणायला लागली आणि आठ वर्षं बिनसाखरेचा चहा प्यायलेला माझा नवरा डोळे मिटून तो प्यायला लागला. मी रोज किटलीतून अर्धा रस लपवून झाडाला घालत होते. डोळ्याच्या डॉक्टरांचं ऐकावं तर काविळीने मरेल, काविळीचं ऐकावं तर डोळा जाईल. अर्धा रस म्हणजे दोन्ही रोगांना अर्धंअर्धं मारणं, एवढाच माझा हिशेब. तो बरोबर आहे असं मला एकदाही वाटलं नाही.

जिनिंगमधून त्याचा सोबती सेवादास बघायला आला. "काय ग्रेडर साहेब, सोताच कवडी झाले म्हने?"

"आता पास झालो," देवीलाल म्हणाला. दोघे हसले. मला काही हसू आलं नाही. अमरसिंगची कावीळ सव्वा महिना अंगात होती. ही एका रात्रीत कशी गेली?

गुरुवारी दुपारी मी त्याचा सोमवारचा शर्ट धुवायला काढला. पांढरा, यवतमाळला जायचा शर्ट. काविळीचे कपडे वेगळे धुवायचे असा जमनाबाईचा हुकूम होता, म्हणून तीन दिवस तो एकटाच खुंटीवर होता. उजव्या बाहीच्या टोकाला रुपयाएवढा पिवळा डाग होता. हळद असेल म्हणून मी टपात पावडर विरघळवली आणि बाही बुडवली.

टप पेटला. तोच पोपटी, तोच आतून लावलेला दिवा.

मी उठून उभी राहिले. पहिला विचार असा आला की आता टपाला कावीळ झाली. दुसरा विचार यायला वेळ लागला. माणसाला कावीळ होते ती अंगात होते. बाहीला कशी होईल? बाही काही आजारी पडत नाही. तिच्यावर जे असेल ते बाहेरून सांडलेलं.

घरातून लिंबू आणलं. पिळलं, हात हलवला, पिळलं. टप विझला. मूठभर पावडर टाकली. टप पुन्हा पेटला. आणखी एक लिंबू, विझला. पावडर, पेटला. चार लिंबं आणि अर्धा पुडा संपला तेव्हा कुठे मला पटलं की यात रामधनचाही हात नाही आणि दैवाचाही नाही. चुना आणि पावडर एका बाजूचे, लिंबू दुसऱ्या बाजूचं, आणि मध्ये हा पिवळा कोण ते मला माहीत नाही.

फाइलवरच्या नंबरला फोन लावला. आवाज काउंटरवरच्याच पोरीचा.

"मॅडम, तुमच्याइथून आमचे हे पिवळे होऊन आले सोमवारी. आनि शर्ट हिरवा होऊन राह्यला."

"मावशी, तो डायच आहे, फोटोसाठीचा रंग," ती म्हणाली. "सुईतून रक्तात सोडतो. निळा उजेड टाकला की हिरवा चमकतो. डोळ्यात जिथे नळी पाझरते तिथे तो सांडलेला दिसतो, त्याचाच तर फोटो. अंग पिवळं होतं, लघवी पिवळी होते, एका दिवसात जातं. काकांना आत सांगितलं होतं ना सिस्टरने. दोनदा सांगितलं. ते म्हणाले, घरी सांगतो."

मी फोन ठेवला.

देवीलाल मागच्या अंगणात खाटेवर पडला होता. बाजूला किटली.

"तुमाले माहीत होतं," मी म्हटलं.

त्याने विचारलं नाही काय ते. उठून बसला, चपला शोधायला लागला, सापडलेल्या चपला पुन्हा शोधल्या.

"म्या म्हनलं, सांगीन. मंग बाईनं कावीळ म्हनलं. रामधनदादानं एकवीस दिस म्हनलं. मले बरं वाटलं."

"काहून? माह्या जिवाले घोर लावून तुमाले बरं वाटलं?"

"पाह्यला ना मी तो फोटो. तू बसली होतीस तिकडच्या खुर्चीवर, तुले तेवढा दिसला नसन. काळ्यावर पांढरे धागे. चांगला लांब धागा होता, जया, कडेकडेनं. अन् मधात पाह्यलं तं..." त्याने दोन बोटं एकमेकांवर घासली, गाडीजवळ घासतो तशी. "कवडी. धागा तुटून तुटून गोळा झालेली. गाडीत असती तं मी गाडी परत लावली असती. अन् हा डाक्टर म्हन्ते, त्यात आग घालतो. आहे तेवढंही जळून गेलं तं मी जिनिंगमधी काय करू? झाडू मारू?"

भांडण माझ्या ओठांवर तयार होतं. पण नवरा घाबरला की कसा दिसतो हे मी पंचवीस वर्षांत पहिल्यांदाच बघत होते, आणि अशा वेळी कुठून सुरुवात करायची ते मला माहीत नव्हतं. हाताला धरून मी त्याला टपाजवळ आणलं.

"पाहा. लिंबू पिळलं की जाते. पावडर टाकली की येते."

मी करून दाखवलं. त्याला ते आवडलं. सव्वीस वर्षं रंग बघणारा माणूस, वाकून बघत राहिला. "पुन्यांदा कर," म्हणाला. पुन्हा केलं. मग त्याने आपणहून उजवा डोळा तळहाताने झाकला.

मी पावडर टाकली. उन्हात टप काठोकाठ पोपटी झाला.

त्याने मान आधी इकडे, मग तिकडे कलती केली.

"कडेकडेनं हाय," शेवटी म्हणाला. "मधात नाई."

"मधात काय हाय?"

"मधात टपाले भोक पडलं."

त्याने तळहात काढला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. टपाच्या मधोमध बोट नेलं, हिरव्यात बुडवलं. डाव्या डोळ्याने ते बोट शोधत होता.

"सोमवारी भोक एवढंच होतं का वो?" मी विचारलं.

"बारीक होतं," तो म्हणाला. मग तळहात खाली आला. "सकाळची पहिली गाडी किती वाजता हाय?"

इतक्यात जमनाबाई संध्याकाळची किटली घेऊन आली. भाऊ टपाशी, भावजय टपाशी, टप हिरवा. तिने किटली छातीशी धरली.

"पुन्हा चढली का रे, देवल्या?"

"नाई बाई," मी म्हटलं. "तो दवाखान्याचाच रंग होता. कावीळ झालीच नव्हती."

"मंग उतरली काय?"

ती एकदा त्याच्याकडे बघे, एकदा माझ्याकडे, एकदा टपाकडे. "मंग हे कोन पेईल?" असं म्हणून ती ओसरीत बसली आणि किटली तोंडाला लावून हळूहळू सगळा रस एकटीनेच संपवला.

शुक्रवारी तो तोच शर्ट घालून निघाला. यवतमाळला जायचा दुसरा नाही. बाहीवरचा डाग पुरता गेला नव्हता, नुसता फिका झाला होता. बसमध्ये त्याने खिडकीकडची जागा मला दिली आणि स्वतः माझ्या उजवीकडे बसला, म्हणजे डाव्या डोळ्याच्या बाजूला मी.

"लय आग होते का वो लेझरनं?" त्याने विचारलं.

"मले काय माहीत. विचारू."

"तू आत येशील?"

"येईन. अन् यावेळी कागदही वाचीन, मागं लाइन असो का काहीही असो."

तो हसला. मी पिशवीत हात घालून बघितलं. फाइल होती, डबा होता, एक लिंबू होतं. लिंबू मी कशाला घेतलं होतं ते मलाच सांगता आलं नसतं. बस सुटली तरी ते मी हातातच धरून ठेवलं.