इख पचवलेला माणूस

सोयाबीन काढायला आलं की बांधावरच्या बोरीत गांधीलमाश्यांचं पोळं हमखास निघतं, आणि पोळं निघालं की मुखेडच्या अलीकडच्या एका गावात नरसिंगला बोलावणं जायचं. विळे टाकून मजूर बसून राहायचे आणि मालक स्वतः गाडीवर नरसिंगला घेऊन यायचा.

हे सुरू झालं तीन वर्षांमागच्या दिवाळीपासून. तेव्हा एकच गांधीलमाशी डसली आणि नरसिंगच्या अंगभर गांध्या उठल्या, तोंड सुजलं, श्वास अडकला. बायकोनं, पारूबाईनं, त्याला रिक्षात घालून दवाखाना गाठला. इंजेक्शननं माणूस वाचला. गावानं मात्र भलताच अर्थ लावला, की याच्या रक्तात माशीचं विष, इख जिरलं, आता याला माशी बाधायची नाही. चांगल्या शहाण्यासुरत्यांनीही माना डोलावल्या. त्याच्या पुढच्या पावसाळ्यात त्यानं धूर करून पाच पोळी उतरवली, एकही माशी डसली नाही, मग तर गावाची खात्रीच झाली.

डॉक्टर पारूबाईला वेगळंच बोलले होते. याला या माशीचं वावडं आहे, पुन्हा डसली तर याहून वाईट होईल. पोळ्याच्या आसपास फिरकू देऊ नका, आणि डसलीच तर कुठंही न थांबता इंजेक्शनला आणा. नरसिंग तेव्हा गुंगीत होता. तिनं ऐकलं, पण घरी आल्यावर ना त्याला सांगितलं, ना गावाला.

परवाच्या सुगीत श्रीशैलच्या वावरात पोळं निघालं. धूर नीट बसला नाही आणि दोन माश्या मानेवर डसल्या. कुणी विळ्याचं लोखंड घासलं, कुणी चुना लावला. पारूबाई तिथंच कापणीला होती. ती धावत त्याच्याजवळ आली.

"आवं, दवाखान्यात चला," ती म्हणाली.

"उगं घाई करू नको. एकदा पचवलंय म्या."

लोक हसले. पारूबाईनं पुन्हा विळा उचलला. थोड्या वेळानं त्याचा आवाज घोगरा झाला, ओठ काळेनिळे पडले. श्रीशैलनं गाडी काढली, पण मुखेड यायच्या आधीच नरसिंग गेला.

बौद्धवाड्यातल्या नरसिंगच्या अंगणात पुण्यानुमोदनाला सगळं गाव आलं. जो तो तेच बोलत होता, की इतकं इख पचवणारा माणूस, पण वेळच आली होती. पारूबाईला ते ऐकवेना. ती उठून उभी राहिली.

"त्यायला इख पचलं नव्हतं. पुन्हा डसली तर जीव जाईल, असं डाक्टरनं मला सांगितलं व्हतं."

अंगणाच्या कडेला श्रीशैलची आई बसम्मा बसली होती. तिनं हळूच विचारलं, "मग सांगितलं का न्हाईस, पारू?"

"आक्का, पैलं पोळं उतरवलं त्या दिशी तुमच्या ओसरीवर बसवून त्यायला तुमच्याच कपबशीत चहा मिळाला. उभ्या जल्मात पैल्यांदा. घरी येऊन दोनदा सांगितलं त्यानी मला. मग माझ्याच्यानं सांगवलं न्हाई."