पंढरी सुताराची खाचेची मशीन

मी खाच पाडायची मशीन बोलतेय. कंपनीचा शिक्का शोधाल तर सापडणार नाही. बेला गावच्या पंढरी सुताराच्या पत्र्याच्या शेडात मी तयार झाले. अंग जाड प्लायवूडचं, सरकणारा पाट जुन्या कपाटातल्या ड्रॉवरच्या चॅनलवर बसवलेला आणि मूठ एका मोडक्या सायकलच्या हँडलची. तरीही मला स्वतःचा भारी अभिमान आहे, हे आधीच सांगून टाकते.

माझ्या जन्माचं कारण म्हणजे पंढरीचा उजवा खांदा. दाराच्या चौकटीत आडव्या लाकडाला खाच पाडतात आणि उभ्या लाकडाचं टोक तासून केलेली जीभ, म्हणजे कूस, तिच्यात घट्ट बसवतात. ही खाच पंढरीनं जन्मभर पटाशी आणि हातोड्यानं पाडली. मग खांदा धरला. डॉक्टरांनी ठोकाठोकी बंद करायला सांगितली आणि मेव्हणा प्रवीण लगेच आदिलाबादच्या एका कापसाच्या जिनिंगवर वॉचमनची जागा बघून आला. "खुर्चीवर बसून राहाचं भाऊजी, मधीमधी शिटी वाजवाची," तो म्हणाला. पंढरीला खुर्च्या बनवायला आवडायच्या, त्यांच्यात बसून राहायला नाही.

गरगर फिरणाऱ्या पात्यानं लाकूड कोरणारं विजेचं हत्यार, राउटर, त्याच्याकडे होता. पण तो लाकडावर दाबून फिरवायचा म्हणजे पुन्हा खांदाच आला. तोड काढली त्याच्या बायकोनं. बयनाबाई शेडाच्याच कोपऱ्यात ब्लाउज शिवते. एक दिवस तिनं पाय थांबवला आणि म्हणाली, "अवो, माह्या मशीनची सुई जाग्यावरच रायते, कपडा सरकते. तुमी काऊन ते वजन लाकडावर फिरवून राह्यले? लाकूडच सरकवा ना!"

पंढरी बराच वेळ तिच्या सुईकडे पाहत राहिला. मग त्यानं राउटर आडवा करून माझ्या अंगावर बोल्टनं कायमचा आवळला आणि त्याच्यासमोर हा पाट बसवला. लाकूड पाटावर ठेवायचं, शिकंज्यात कसायचं आणि मूठ धरून डावी-उजवीकडे सरकवायचं. दोन्ही टोकांना अडसर ठोकलेले, त्यामुळे खाच ठरल्यापेक्षा लांब होत नाही. आत मात्र थोडं थोडं जायचं. घाई केली की मी किंचाळते, आणि ते ऐकून शेजारी भिंतीवर थापा मारतात. माझ्या खाचेची टोकं गोल येतात, म्हणून पंढरी कुसेचे कोपरे कानशीनं गोल करून घेतो. तेवढं त्याच्या खांद्याला चालतं.

दसऱ्याच्या तोंडावर तुळजाबाईंच्या नव्या घराची सागवानी चौकट आमच्याकडे आली. ती बसवायचा मुहूर्त दसऱ्यानंतर तीन-चार दिवसांनीच होता. पंढरीनं बायकोला सांगून टाकलं, "हे चौकट जमली त सुतारकी करतो. नाई जमली त प्रवीणले फोन लावतो."

दसऱ्याला हत्यारांना सुट्टी. बयनाबाईनं आमची सगळ्यांची पूजा मांडली. माझी तर ती पहिलीच पूजा, मी लाजून चूर झाले. झेंडूची माळ, कुंकू, आणि पाटाच्या मागच्या कडेला हळदीचं चांगलं जाड बोट, वर भरपूर अक्षता. बाईचा हात सढळ आहे.

दुसऱ्या दिवशी पंढरीनं माळ उतरवली, भुसा झटकला, कुंचा फिरवला. हळदीपाशी मात्र कुंचा आदबीनं वळसा घालून गेला. पूजेचं पुसायचं कसं? लाकूड त्यानं त्यावरच ठेवलं आणि कसलं.

खाचा पडल्या. चौकट जमिनीवर जुळवली, तर उभ्या लाकडांची टोकं दोन बोटं हवेत! त्यानं काटकोन तपासायचा गुण्या लावून पाहिला, फालतू तुकड्यावर पुन्हा खाच पाडून पाहिली. तीही तिरकीच. मला सगळं कळत होतं. अक्षता पाठीत टोचत होत्या! पण माझा आवाज म्हणजे राउटरचा आवाज, त्यातून कुणाला काय कळणार?

पंढरी खाली बसला. "खांदा त गेलाच होता बयना, आता नजरबी गेली. लाव फोन प्रवीणले." मला फार वाईट वाटलं.

बयनाबाईनं फोन हातात घेतला आणि परत ठेवला. "माही मशीन टाके सोडते तवा तुमीच सांगता, पयले खालचा कचरा काढ. अन इतं पाह्यलं का?" तिनं पाटावर बोट फिरवलं. बोट मागच्या कडेला अडलं. "हे काऊन नाई पुसलं?"

"पूजेची हळद हाय ते. तूच लावली."

"मीच लावली, त मीच काढतो." तिनं मला हात जोडले, "माफ कर माय" म्हणाली आणि कात्रीच्या टोकानं सगळं खरवडून काढलं. वाळलेले तांदूळ टपटप खाली पडले. कडेला तांदळाएवढी उचल, आणि तेवढ्यानं दाराएवढ्या उंचीवर दोन बोटांचा फरक पडला होता. पंढरी कपाळाला हात लावून हसला. किती दिवसांनी हसला!

तिरक्या खाचांत त्यानं सागाचे तुकडे फेविकॉलनं बसवले, ते वाळू दिले आणि नव्यानं खाचा पाडल्या. मीही जीव लावून काम केलं, एकदाही किंचाळले नाही. कुसा अशा बसल्या, की चौकट चहूबाजूंनी जमिनीला टेकली.

मुहूर्ताच्या सकाळी तुळजाबाई बैलगाडी घेऊन आल्या. चौकट उचलण्याआधी त्यांनी सांध्यावरून बोट फिरवलं. नखसुद्धा आत जाईना. "कोनं केली रे पंढरी?"

मी सावरून उभी राहिले. आता माझं नाव निघणार!

"म्या केली, काकू," पंढरी म्हणाला.

ना माझं नाव, ना बयनाबाईचं. एरवी मी चांगलीच रुसले असते. पण खांदा धरल्यापासून हा माणूस कुठल्याच कामाला 'म्या केलं' म्हणाला नव्हता. बयनाबाईनं माझ्याकडे पाहिलं आणि आपल्या मशीनवर पाय टाकला.

आता दारं-खिडक्यांची कामं येत राहतात आणि मला जराही फुरसत नसते. माझं नाव कुणी घेतलं नाही तरी चालेल. तुमच्या घरी नवं दार लागलं, की सांध्यावरून एकदा बोट फिरवा आणि कुणी केलं ते मोठ्यानं विचारा. उत्तर देणारा तिथंच कुठंतरी उभा असतो.