टेपचा माज

टेपबरोबर लाल रंगही उठून आला. आधी नखाएवढा, आणि थोरलीने हात थांबवेपर्यंत चांगला बोटभर. दीड हात लांबीच्या त्या फेरीबोटीच्या डाव्या अंगाला, निळ्या पट्ट्याच्या मधून, एक बारीक लाल रेघ जायची होती. ती आता उंदराने कुरतडल्यासारखी दिसत होती.

"धुतलं होतंस ना नीट?" मान वर न करता थोरलीने विचारले.

"धुतलं ना ताई. आधी साबणानं, मग स्पिरिटनं पुसलं." तिची धाकटी जाऊ खिडकीशी बसून बोटीच्या बारक्या खुर्च्या रंगवत होती. ती उठून जवळ आली. "अगंबाई! बराच उठलाय की."

"दिसतंय मला. आंधळी नाही झाले अजून."

"प्रायमर ओला राहिला असेल का?"

"प्रायमर मी मारलाय. वास जाईपर्यंत ठेवला होता. धुण्यातच गडबड आहे. तुझ्या बोटांचं तेल राहिलं असणार कुठंतरी."

धाकटी गप्प राहिली. हेच थोरलीला सहन होत नसे. ती उलट बोलली असती, कडाकडा भांडली असती, तर बरे झाले असते. ही गप्प बसायची आणि गप्प बसूनच चांगली ठरायची.

वर्कशॉप घराच्याच तळमजल्यावर होते. दोघींचे नवरे, दोघे भाऊ, लाकूड आणि प्लास्टिक कापून मॉडेल उभे करायचे. बस, क्रेन, पाण्याच्या टाक्या, कंपन्यांना काचेच्या पेटीत ठेवायला जे हवे ते. रंगकाम पहिल्यापासून थोरलीचे. कॉम्प्रेसरशेजारची उंच खुर्ची तिची, आणि त्या खुर्चीवर बसायची तिच्या नवऱ्याचीही छाती नव्हती. धाकटी लग्न होऊन आली तेव्हा तिला रंग फवारायचा एअरब्रश कुठल्या बाजूने धरतात हेही ठाऊक नव्हते. थोरलीनेच तिला शिकवले, तेही अगदी मन लावून. रंग पातळ हवा. एका दमात जाड थर द्यायचा नाही. टेप काढताना सरळ वर ओढायची नाही, तिच्याच पाठीवर दुमडून सावकाश मागे न्यायची.

आणि मुख्य म्हणजे टेपचा माज उतरवायचा. रोलवरून निघालेली नवी टेप थेट मॉडेलवर लावली की ती हट्टाने चिकटते आणि जाताना खालचा रंग घेऊन जाते. म्हणून आधी ती डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला एकदोनदा चिकटवून काढायची, म्हणजे नरमते. 'माज उतरवणे' हा शब्द थोरलीचाच. आता घरात सगळेच तो वापरत आणि दीर मधूनच चिडवायचा, "वहिनी, दादाचा पण असाच मनगटावर उतरवला का?"

धाकटी सगळे शिकली, एवढे एक सोडून. तिला मनगटाला घाम यायचा, म्हणून ती टेप काचेच्या तुकड्यावर नरम करायची. तो तुकडा दिसला तरी थोरलीचे डोके फिरत असे. आपण शिकवलेले हिला जसेच्या तसे चालत नाही म्हणजे काय?

पण खरी ठिणगी पडली ती फेरी कंपनीच्या बाई आल्या तेव्हा. घरात त्यांना 'फेरीवाली बाई' म्हणून सगळे हसत. त्यांनी कपाटातल्या एका बसच्या अंगावरून बोट फिरवले आणि विचारले, "ही रेघ कोणी मारली? कुठं खाली-वर लागत नाही हाताला. आमची बोट यांच्याच हातून हवी."

"आमची धाकटी," थोरलीच्या नवऱ्याने सांगितले. सांगताना त्याचा चेहरा असा फुलला होता की थोरली नंतर दोन दिवस आठवत राहिली, आपल्या कामाबद्दल बोलताना हा असा कधी दिसला होता. तिला एकही वेळ आठवली नाही. बाई गेल्याबरोबर तिने जाहीर केले, "बोट मी रंगवणार. मोठं काम आहे, पोरीला झेपायचं नाही." पोरगी पस्तिशी ओलांडलेली होती. तरी कोणी वाद घातला नाही. घरातल्या कोणालाच त्या दिवशी तिच्या वाटेला जायचे नव्हते.

त्यात तिचे हात दुखत होते. एअरब्रशची कळ दाबली की मनगटात कळ यायची. आधी फक्त उजव्या, आणि या महिन्यापासून मॉडेल तोलून धरून धरून डाव्याही. हे तिने कोणालाच सांगितले नव्हते. सांगितले असते तर खुर्ची त्याच दिवशी गेली असती, आणि तीही प्रेमाने, 'वहिनी, तुम्ही आता आराम करा' असे म्हणत. औषधाच्या दुकानात जाऊन तिने विचारले होते, "वास नसलेलं मलम आहे का?"

"आहे," दुकानदार म्हणाला, "पण वास नसला की लोकांना गुणच येत नाही."

तिला थोडासा गुण येत होता. रोज सकाळी बाथरूमची कडी लावून ती दोन्ही मनगटांना मलम चोळायची, बाह्या खाली ओढायची आणि कामाला यायची.

डाव्या बाजूची ती कुरतडलेली रेघ संध्याकाळी नवऱ्याने पाहिली. तो चष्मा कपाळावर सरकवून बराच वेळ वाकून उभा राहिला.

"परवा बाई बघायला येतायत," तो म्हणाला.

"माहितेय मला."

"उद्या उजवी बाजू कर. ती नीट आली तर ही पण तूच दुरुस्त कर. नाही आली तर मात्र..." त्याने वाक्य सोडून दिले आणि चष्मा खाली घेतला. "तर मात्र धाकटीला बसू दे. काम हातचं घालवून चालणार नाही."

थोरली रात्री जेवली, भांडी आवरली आणि पाठ फिरवून झोपली. तिला एवढेच दिसत होते की आपल्या खुर्चीवर धाकटी बसली आहे आणि सगळे घर तिच्याभोवती गोळा झाले आहे.

सकाळी उजवी बाजू धाकटीने पुन्हा पुसली. या वेळी थोरली शेजारी उभी राहून बघत होती, कपडा नवा आहे ना, बोट कुठे लागत नाही ना. दोष काढण्यासारखे काही सापडले नाही. मग तिने कामाला सुरुवात केली. पद्धत नेहमीचीच. लाल रेघ जिथे यायची तिथे पांढऱ्या रंगावर आधी टेपची बारीक पट्टी लावायची आणि तिच्या वरून निळा मारायचा. पट्टी काढली की निळ्याच्या मधून पांढरी वाट उरते. निळा वाळला की दोन्ही बाजूंना टेप लावून त्या वाटेत लाल भरायचा. थोरलीने प्रत्येक टेपचा माज मनगटावर नीट उतरवला. हात दुखत होता तरी निळा सुंदर आला. लाल तर इतका सफाईने बसला की तिला वाटले, आता बघू कोण चेहरा फुलवतो ते.

दुपारी दोघे भाऊ काचेची पेटी आणायला गेले. रंग वाळल्यावर थोरलीने टेपचे टोक नखाने उचलले, दुमडले आणि सावकाश मागे नेऊ लागली.

लाल उठला. कालच्याहून जास्त.

तिच्या हातात टेपची पट्टी लोंबत होती. धाकटी मागे कधी येऊन उभी राहिली ते तिला कळले नाही.

"ताई, राग मानू नका, एक बोलू?"

"बोल ना. आता तुझेच दिवस आहेत."

धाकटीने ते ऐकले न ऐकलेसे केले. "निळा कुठंच उठला नाही. काल पण नाही, आज पण नाही. धुण्यात घाण राहिली असती तर निळा पण आला असता ना? उठतोय तो लालच. आणि लालच्या खाली आधी फक्त पट्टी बसली होती."

"मग?"

"मग पट्टीलाच काहीतरी लागतंय."

तिने रोलवरून एक टेप काढली, थोरलीचा डावा हात हातात घेतला, बाही वर केली आणि टेप मनगटावर दाबून काढली. मग ती आपल्या काचेच्या तुकड्यावर लावली आणि उचलली. तुकडा उजेडात तिरका धरला. काचेवर टेपच्या रुंदीचा तेलकट, धुरकट पट्टा उमटला होता.

"काय लावता ताई?"

"काही नाही."

"ताई."

"मलम लावते," थोरली म्हणाली. "उजव्या हाताला वर्ष होत आलं. डाव्याला या महिन्यापासून."

तेवढ्यात दार उघडले आणि दोघे भाऊ पेटी सांभाळत आत आले. थोरलीच्या नवऱ्याची नजर पहिल्यांदा बोटीवर गेली. त्याने पेटी हळूच बाकावर ठेवली. तो काही विचारणार, त्याआधीच धाकटी बोलली.

"रोलच खराब निघाला, दादा. जुना माल दिलाय टेपवाल्यानं. ताईंनी सगळं बरोबर केलं होतं, टेपनंच घात केला." आणि तिने काचेचा तुकडा एप्रनच्या खिशात टाकला.

"त्या टेपवाल्याला आत्ता फोन करतो," तो म्हणाला. "आणि धाकटे, तुला काय ते बरोबर कळतं हं."

थोरलीला खरे तर हायसे वाटायला हवे होते. तिच्या अंगाची आग झाली. रेघ हिची सरळ, बोलणे हिचे गोड, आणि आता पांघरूण घालायचे पुण्यही हिच्याच पदरात. खुर्ची राहिली असती, पण ती हिने दिलेली राहिली असती. रोज सकाळी या खुर्चीवर चढताना खिडकीशी बसलेल्या हिच्याकडे बघायचे आणि हिला माहीत आहे हे माहीत असायचे. त्यापेक्षा हरलेले बरे.

"फोन ठेवा," ती म्हणाली. "टेप चांगली आहे. माझ्या मनगटाला मलम होतं, ते टेपला लागलं. हात दुखतात माझे. काल हिला बोलले ते पण उगाच बोलले."

नवऱ्याने हातातला फोन खिशात टाकला. "अगं, मग सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू? सांगितलं असतं तर तुम्ही दुसऱ्या मिनिटाला हिला इथं बसवलं असतंत."

दीर पेटीच्या काचेवरची धूळ पुसू लागला, जिथे धूळ नव्हती.

थोरली खुर्चीवरून उतरली. उतरताना तिने टेबलाचा आधार घेतला आणि तो घेतलेला सगळ्यांनी पाहिला. "बस," ती धाकटीला म्हणाली.

"नको ताई, मी इथंच स्टुलावर..."

"स्टुलावर बसून बोट रंगवतात का? बस म्हणते ना. खुर्ची थोडी खाली घे, तुझे पाय पोचायचे नाहीत."

धाकटीने दोन्ही बाजूंचा लाल ओल्या पॉलिश पेपरने घासून काढला, वाट पुसली, पुन्हा पुसली, आणि नव्या टेपा पुसलेल्या काचेवर नरम करून लावून वाटेत पुन्हा लाल भरला. थोरली स्टुलावर बसून बघत होती. काहीतरी चुकेल आणि आपल्याला सांगता येईल, म्हणून तिची जीभ तयार होती. पण सांगायची वेळच आली नाही.

दुसऱ्या दिवशी, बाई यायच्या आधी, टेप काढायच्या वेळी धाकटी म्हणाली, "ताई, तुम्ही काढता?"

"जिनं लावली तिनं काढावी."

धाकटीने टोक दुमडले. दोघे भाऊ दाराशी थांबले होते. टेप मागे सरकू लागली, आणि थोरलीच्या मनात स्वच्छ शब्दांत आले, उठू दे. थोडासा उठू दे. तिने ते थांबवायचाही प्रयत्न केला नाही.

रंग उठला नाही. टेप नाकापासून शेपटापर्यंत निघून आली आणि मागे लाल रेघ राहिली, केसासारखी बारीक. दीर मोठ्याने "वा!" म्हणाला. नवरा मात्र थोरलीकडे बघत होता.

तिने भिंग मागून घेतले. बोटीवर वाकून तिने रेघ एका टोकापासून बघायला सुरुवात केली. खिडक्यांच्या खालून, दाराच्या खालून, जिथे वळणावर तिचा स्वतःचा हात नेहमी किंचित थरथरायचा तिथून, थेट शेवटापर्यंत. मग दुसरी बाजू.

"कुठं चुकली नाहीस," ती म्हणाली.

ते तिच्या स्वतःच्याच कानाला कोरडे लागले. तिने भिंग खाली ठेवले, धाकटीच्या तोंडाकडे पाहिले आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, नीट म्हटले.