चौथ्या पायरीचा आकडा

पीएचडीच्या चौथ्या वर्षी माझं घोडं एका आकड्यापाशी अडलं.

पुष्कळ इलेक्ट्रॉन एकत्र आले की ते एकमेकांना ढकलतात आणि सगळं गणित हाताबाहेर जातं. मग आम्ही आधी समजतो की त्यांचा एकमेकांशी काही संबंधच नाही. तो सोपा हिशोब झाला की ढकलाढकली थोडी थोडी, पायरीपायरीने आत घ्यायची. प्रत्येक पायरीवरची दुरुस्ती रेषांच्या चित्रांनी मांडतात. चौथ्या पायरीला माझ्या पद्धतीत एकोणचाळीस चित्रं होती. त्यांची बेरीज एका नावाजलेल्या प्राध्यापकांनी अकरा वर्षांपूर्वी छापली होती. माझी जुळत नव्हती.

सात महिने मी तेच तेच करत होते. माझे मार्गदर्शक म्हणाले, "छापून आलेल्या आकड्याशी कशाला भांडतेस? चूक तुझीच असणार."

मलाही तसंच वाटत होतं. शेवटी भीत भीत त्या प्राध्यापकांनाच पत्र लिहिलं, की सर, माझं कुठे चुकतंय ते कळत नाही. ते निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती. चार दिवसांनी त्यांच्या पत्नीचा फोन आला. "यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, वाचता येत नाही. पण पत्र वाचून दाखवलं, तेव्हापासून घर डोक्यावर घेतलंय. तू येच बाई."

गेले. एका डोळ्यावर पट्टी आणि दुसऱ्याला अंधूक दिसतंय, अशा अवस्थेत सर जेवणाच्या टेबलाशी बसले होते. काकूंनी ताटवाट्या उचलून टेबल मोकळं केलं आणि जाड मार्कर माझ्या हातात दिला. "मोठं काढ. भिंतीवर लावायचं असल्यासारखं."

एकेका कागदावर एकेक चित्र. मी काढायची, काकू कागद त्यांच्या नाकासमोर धरायच्या, सर मोठ्याने हिशोब सांगायचे आणि मी माझ्या वहीशी ताडून पाहायची. दुपार टळली तरी सगळं जुळत होतं. माझा धीर सुटत चालला. चोविसाव्या चित्राशी सर थबकले.

"या दोन रेषा एकाच बिंदूतून निघतात, म्हणून मी निम्मं केलं. तू?"

"मी नाही केलं, सर. निघतात एकाच बिंदूतून, पण पोचतात वेगळ्या बिंदूंत."

"अगं, जरा जवळ धर," सर काकूंना म्हणाले. त्यांनी बोटाने एक रेष शेवटपर्यंत गिरवली. मग दुसरी. दोन रेषांची दोन्ही टोकं एकच असतील तरच निम्मं करायचं असतं; इथे शेवट वेगवेगळ्या बिंदूंत होता.

मग ते एवढ्या मोठ्याने हसले, की काकू ओरडल्या, "डोळ्याला ताण देऊ नका!"

"अगं, अकरा वर्षं ही चूक उराशी धरून बसलोय मी! लोकांनी तिच्यावर प्रबंध लिहिले!" आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "कागद घे. नियतकालिकाला पत्र लिहायचंय. आत्ताच."

त्यांनी सांगितलं, मी लिहिलं. चूक माझी, ती शोधली अमुक विद्यार्थिनीने. माझं नाव आलं तिथे मी पेन थांबवलं. "सर, नाव नको. तुम्हीच दुरुस्त केलीत असं…"

"म्हणजे एक चूक काढून दुसरी घालू? लिही मुकाट्याने."

ते पत्र छापून आलं आणि माझा प्रबंध मार्गी लागला. मार्गदर्शकांनीही मोठ्या मनाने सांगितलं, की बरं झालं, तू माझं ऐकलं नाहीस. तोंडी परीक्षेला सर काकूंचा हात धरून आले आणि मागच्या रांगेतून एक असा प्रश्न विचारला, की मला उत्तरच आलं नाही. त्यावर ते भलतेच खूश झाले.

नंतर मी पाया पडायला वाकले. आज मी जी काही आहे ती त्यांच्यामुळे, असं बरंच काही बोलायला लागले.

सरांनी मला उठवलं. "आभार कसले मानतेस? बरोबर आकडा मला जिवंतपणी कळला, पोरी. तुझे आभार मी मानायचे."